खबर देणाऱ्याचं नातं

१

नोंदणी कार्यालयात खिडकी क्रमांक तीनवर बसणाऱ्या बाईंना सगळे वजाबाई म्हणत. समोरच्यानं जन्मसाल सांगायचा अवकाश, की त्याचं वय यांच्या तोंडातून बाहेर.

"त्रेसष्ट? म्हणजे एकसष्ट. थांबा, वाढदिवस व्हायचाय ना? मग साठच. उगाच म्हातारे होऊ नका."

लोक हसायचे, रांग पुढे सरकायची. वयाबरोबर पिढी सांगायचीही त्यांना खोड होती. त्यासाठी त्यांनी एक साधी युक्ती काढली होती. लहानपणी घरचे तुम्हाला काय बंद करायला सांगायचे, ते आठवा. रेडिओ बंद कर, टीव्ही बंद कर, मोबाईल बंद कर. ज्याचं जे उत्तर, ती त्याची पिढी. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणायचा, "बाई, सरकारनं हे फॉर्मवरच छापायला हवं."

त्यांचं स्वतःचं साल शहात्तर. वय अठ्ठेचाळीस. पण एकही पांढरा केस नाही, डोळ्यांखाली रेघ नाही. तिशीपलीकडची म्हणून कुणी ओळखलं नसतं. हेडक्लार्क म्हणायचे, "सगळ्यांची वजाबाकी करता आणि स्वतःची करताना हातचा विसरता वाटतं."

"घराण्याचा गुण आहे," ती हसून सांगायची. तसं तिला दादानंच सांगितलं होतं.

तिला स्वतःबद्दल जे माहीत होतं, त्यातलं बरंचसं असं सांगितलेलंच होतं. बाविसाव्या वर्षी तिला मोठा ताप आला आणि त्यात मागचं सगळं पुसलं गेलं. आईनं उशाशी बसून तिला तिचं बालपण परत सांगितलं. जिन्यावरून पडलीस ते, शाळेत रडलीस ते, टीव्ही बंद कर म्हटलं की फुगून बसायचीस ते. सांगता सांगता ते तिचं झालं. एकच आठवण मात्र कुणी सांगितल्याची तिला आठवत नव्हती. रॉकेलचा वास, कंदिलाची गरम किल्ली आणि कुणाचा तरी आवाज, "वात खाली कर."

शहात्तरच्या मुलीच्या घरात कंदील कशाला असेल? वीज गेली असेल कधीतरी, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

२

आई शहात्तर वर्षांची होती. गेले काही महिने तिचं मन जागेवर राहत नव्हतं. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी ती आईचे केस विंचरून द्यायची. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर टॉवेल, हातात रुंद दातांचा कंगवा.

त्या दिवशी गुंता जरा जोरात ओढला गेला.

"ताई, हळू ना गं!" आई म्हणाली.

"आई, मी आहे."

आईनं मान वळवली. तिच्याकडे नीट पाहिलं आणि झटकन तोंडावर हात ठेवला. खाऊ चोरताना सापडलेलं पोर ठेवतं, तसा. मग तिची नजर दाराकडे गेली. दारात दादा उभा होता. दाढीचा साबण अर्ध्या गालावर तसाच.

"वय झालंय तिचं," तो म्हणाला. "काहीही बोलते. तू जा, तुला उशीर होईल."

उशीर होणार नव्हता. घड्याळात अजून वीस मिनिटं होती.

जिना उतरताना ती विचार करत राहिली. म्हातारी माणसं माणसांची अदलाबदल करतात, त्यात नवल काही नाही. पण अदलाबदल करायला दुसरं माणूस असावं लागतं. आईला मोठी बहीण नव्हती. आईच नेहमी म्हणायची, "मी एकटीच वाढले, म्हणून तुम्हा दोघांना बघून बरं वाटतं." मग तो शब्द इतक्या सवयीनं कसा आला? आणि त्या शब्दाबरोबर आईचा आवाजही लहान कसा झाला?

३

दुरुस्तीचे अर्ज तिच्याकडे येत नसत. ते काम शेजारच्या कारकुनाचं. पण त्याचा गुडघा सुजला, तो आठवडाभर रजेवर गेला आणि त्याचा गठ्ठा हेडक्लार्कनी तिच्या टेबलावर आणून ठेवला.

"तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ."

दुपारपर्यंत तिनं चौदा अर्ज हातावेगळे केले. कुणाच्या नावात वेलांटी चुकलेली, कुणाच्या आईचं नाव राहिलेलं. पंधरावा अर्ज उघडला आणि आधी तिला अक्षर ओळखीचं वाटलं. दादाचं अक्षर. मग तिनं नाव वाचलं. तिचंच नाव.

जन्मसाल: १९७६ ऐवजी १९९८ वाचावे. अर्जदार: वडील. खाली दादाची सही, तारीख दहा दिवसांपूर्वीची.

तिला आधी हसूच आलं. दादा हल्ली विसरतो, बहुतेक भाचीचा अर्ज भरताना घोटाळा झाला असेल. पण भाचीचं साल दोन हजार एक, आणि तिच्या दाखल्यात चूक नव्हती. नावही भाचीचं नव्हतं. दादानं ते नाव मोठ्या, सावकाश अक्षरांत लिहिलं होतं. खाडाखोड नाही.

तिच्या डोक्यानं सवयीनं आपलं काम केलं. दादा बहात्तरचा. अठ्ठ्याण्णवमधून बहात्तर गेले, सव्वीस. सव्विसाव्या वर्षी मुलगी. तीन वर्षांनी भाची, म्हणजे दुसरी मुलगी. वजाबाकी बरोबर होती. चुकून भरलेल्या अर्जात वजाबाकी इतकी बरोबर येत नाही. हे हिशोब करून बसवलेलं होतं.

"बाई, चहा गार होतोय," हेडक्लार्क म्हणाले.

तिनं अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला आणि चहा एका घोटात संपवला. चहा खरंच गार झाला होता.

४

जुनी रजिस्टरं तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत होती. किल्ली शिपाईकाकांकडे.

"तुम्ही कशाला त्रास घेता, मी काढून देतो की," काका म्हणाले.

"नको. वरची धूळ झटकायचीय जरा."

शहात्तरचं रजिस्टर तिनं पहिलं काढलं. तिच्या तारखेच्या पानावर तिची नोंद नव्हती. ती शेवटच्या पानावर होती, चिकटवलेल्या पट्टीवर. उशिरा नोंद, सन १९९८. तापाचं वर्ष.

उशिरा नोंदी होतात. रोज पाच-दहा ती स्वतः बघायची. तिनं स्वतःला हे दोनदा समजावलं आणि मग दोन हजार एकचं रजिस्टर काढलं. भाचीचा जन्म. खबर देणाऱ्याचं नातं, आत्या. खाली तिची सही. ही सही तिला पक्की आठवत होती. वहिनी बाळंतपणातच गेली. दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि दीड दिवसाच्या पोरीला छातीशी धरून हिनंच खिडकीवर सही केली होती. शेवटच्या अक्षराखालून मागे वळून येणारा तो गळासारखा आकडा तिच्याशिवाय कुणी काढत नसे.

मग बहात्तरचं. दादाचा जन्म. खबर देणाऱ्याचं नातं, मावशी.

खाली तोच आकडा. मागे वळून येणारा.

तिनं पान दिव्याखाली धरलं. शाई निळी, फिकट झालेली. तिनं जवळच्या कागदाच्या तुकड्यावर स्वतःची सही केली आणि पानाशेजारी ठेवली. मग तो तुकडा उलटा केला, कारण त्याच्याकडे बघवेना.

अठ्ठेचाळीसचं रजिस्टर तळाच्या फळीवर होतं. आईचा जन्म. शाई तपकिरी. खबर देणाऱ्याचं नातं, मावशी. आकडा तोच.

एकाच घरातल्या बायकांच्या सह्या सारख्या असू शकतात, तिनं स्वतःला सांगितलं. आईनं मावशीकडून उचलली असेल, मी आईकडून. पण आईला सही येत नव्हती. आई अंगठा करायची.

तिनं त्याच्याही मागचं एक रजिस्टर ओढलं. पानांचे कोपरे हातात तुटून आले. मधेच कुठेतरी, ओळखीच्या आडनावाखाली, तिला तो आकडा दिसल्यासारखा वाटला. नीट बघायच्या आधीच तिनं रजिस्टर मिटलं.

"सापडलं का, बाई?" दारातून काकांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "माझी नोंद कुठेच नाही."

काकांना ते गमतीचं वाटलं. ते हसत हसत जिना चढून गेले.

५

दादाचं चष्म्याचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं. तिन्ही भिंतींना आरसे. भर दुपारी ती आत शिरली तेव्हा एक म्हातारा गिऱ्हाईक फ्रेम घालून मान इकडेतिकडे वळवत होता. आरशात त्यानं तिला दादाशेजारी उभी पाहिली.

"मुलगी का तुमची? चेहरा अगदी तुमच्यावर गेलाय."

"हो," दादा म्हणाला.

तो अडखळला नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. फडक्यानं काच पुसत राहिला. तिला वाटलं, याची तालीम झालेली आहे.

गिऱ्हाईक गेल्यावर तिनं काचेचं दार लोटून घेतलं.

"दादा, तू लहान असताना मला काय म्हणायचास?"

"हे काय आता मध्येच?"

"बहात्तर साली तुझ्या जन्माची खबर कुणी दिली?"

दादानं चष्मा काढून काउंटरवर ठेवला. तो दचकला असता, चिडला असता, तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त थकल्यासारखा दिसला.

"रजिस्टर बघितलंस म्हणजे तू." त्यानं डोळे चोळले. "आई म्हणालीच होती. तू विचारायला लागलीस की मग आम्ही थांबायचं नाही."

"थांबायचं नाही म्हणजे काय?"

"बस आधी. पाणी देऊ?"

"दादा!"

"अगं, लोक विचारतात. शेजारी विचारतात, तुझ्या ऑफिसातले विचारतात. आम्ही म्हातारे होत जातो, आणि तू..." तो थांबला. आरशांत त्याची तीन तोंडं एकदम थांबली. "तुला कुणी काही करू नये म्हणूनच करतो ना हे? तूच मला वाढवलंस. शाळेत डबा घेऊन यायचीस. तेव्हा मी तुला मावशी म्हणायचो. मग एक दिवस आईनं सांगितलं, उद्यापासून हिला बहीण म्हणायचं. सव्वीस वर्षांचा होतो मी. जिभेला वळण पडायला महिना लागला."

"आणि मला विचारलंत कधी? मला हवंय का म्हणून?"

"दरवेळी विचारतो," दादा म्हणाला. "दरवेळी तू नाही म्हणतेस."

६

ती चालत घरी आली. रिक्षात बसायचं तिला सुचलंच नाही. डोक्यात एकच गोष्ट होती, भाची. तिला काही माहीत नसणार. त्या पोरीला हिनं दूध पाजायला चमचा धरला होता, पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं, पहिल्या नोकरीच्या दिवशी तिची बॅग भरून दिली होती. तेवीस वर्षांत ती हिच्याशी एकदाही खोटं बोलली नव्हती. दोघींनी चार कपडे पिशवीत भरायचे आणि निघायचं. कुठे, ते नंतर.

दार उघडंच होतं. आईच्या खोलीतून भाचीचा आवाज येत होता. पाठांतर करतात तसा, एका चालीत.

"...जिन्यावरून पडलीस तेव्हा चार पायऱ्या..."

"पाच," आईचा आवाज. "पाच सांग. नाहीतर तिला पटत नाही."

ती दारात जाऊन उभी राहिली. भाची खाटेच्या कडेला बसली होती, मांडीवर कापडी बांधणीची जाड वही. भाचीनं वर पाहिलं आणि वही मिटायला गेली. मग मिटली नाही. उपयोग नव्हता, हे दोघींनाही कळलं.

हिनं वही हातात घेतली. पानावर वेगवेगळी अक्षरं होती. खाली भाचीचं गोल, ताजं. त्यावर दादाचं. ओळ एकच, शब्द मात्र पुन्हा पुन्हा खोडलेला. "रेडिओ बंद कर म्हटलं की फुगून बसायचीस." रेडिओवर काट, त्यावर टीव्ही. टीव्हीवर काट, त्यावर भाचीच्या अक्षरात मोबाईल.

तिनं घाईघाईनं मागची पानं उलटली. एक तरी गोष्ट आपली असेल, कुणी न सांगितलेली. पहिल्याच पानावर, कुणाच्या तरी अनोळखी, टोकदार अक्षरात ती सापडली. "कंदिलाची किल्ली गरम असायची. बाबा म्हणायचे, वात खाली कर." या ओळीवर काट मारायचं सगळे विसरले होते, एवढंच.

"पिल्लू," ती म्हणाली. "तूसुद्धा?"

"असं बघू नकोस ना, आत्या." भाची म्हणाली. "बाबा थकलेत. आजीचं तर बघतेसच तू. कुणीतरी करायलाच हवं ना?"

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"अठरा पूर्ण झाले तेव्हापासून."

पाच वर्षं. रोज एका ताटात जेवून, रोज एकमेकींच्या केसांना तेल लावून. खाटेवरून आई हिच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर धाकट्या बहिणीचा अपराधी भाव होता.

"ताई, रागावू नकोस," आई म्हणाली. "मलाही असंच शिकवलं होतं."

७

"ताप आहे तुला," भाचीनं तिच्या कपाळावर हात ठेवून सांगितलं.

"मला काही झालेलं नाही."

"भाजतंय कपाळ. चल, आडवी हो जरा."

तिला ताप वाटत नव्हता. पण ती उन्हातून चालत आली होती आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. भाचीनं तिला तिच्या खोलीत नेलं, खाटेवर बसवलं, थर्मामीटर जिभेखाली ठेवला. मिनिटभरानं तो काढून खिडकीशी नेला, उजेडात धरला आणि झटकून डबीत ठेवून दिला.

"किती आहे?"

"आहे."

"बघू."

"झटकला मी. झोप आता. उठलीस की सगळं सांगते."

ती ते प्रेमानंच म्हणाली. अंगावर चादर घातली, ती खांद्यापाशी नीट खोचली. अगदी हिनंच तिला शिकवलं होतं तशी. मग दार ओढलं. बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला, सावकाश, वाजू नये अशा बेतानं.

खोलीत दुपारचं ऊन भिंतीवर पसरलं होतं. नळाचं पाणी कुठेतरी बादलीत पडत होतं. ती पडल्या पडल्या स्वतःला चाचपून बघू लागली. ऑफिसातल्या शेजारच्या कारकुनाचा कोणता गुडघा सुजला होता? डावा. की उजवा? हेडक्लार्कचं आडनाव काय? आलं, पण जरा उशिरा आलं. वहिनीचा चेहरा आठवून पाहिला. आलाच नाही.

घाबरलंय मन, दुसरं काही नाही. असं म्हणत ती उठून बसली. लिहून ठेवायला हवं. कागदावर नको, कागद हे लोक काढून घेतील. जिथे कुणी बघणार नाही, अशा जागी. तिनं पर्समधलं पेन घेतलं, जमिनीवर बसली आणि पाठीवर सरकत खाटेखाली शिरली. जड लाकडाची खाट होती, आईच्या माहेरून आलेली. खालच्या फळ्यांना कुणाचा हात लागायचं कारण नव्हतं.

८

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागला. मग तोंडापासून वीतभर अंतरावर फळी दिसू लागली, आणि फळीवर अक्षरं.

अक्षर तिचं होतं. शेवटच्या अक्षराखालून मागे वळून येणारा आकडा होता.

सगळ्यात वरची ओळ लाकडात कशानं तरी कोरलेली. तिच्यातलं साल झिजून गेलं होतं, आणि ती सबंध ओळ आडव्या रेघेनं खोडलेली होती. तिच्याखाली, पेन्सिलीनं, "१९४८च्या मुलीवर विश्वास ठेव. तिला तू वाढवलंयस. दाराबाहेर ती रडत होती." तीही खोडलेली. त्याखाली निळ्या शाईत, "१९७२च्या मुलावर विश्वास ठेव. त्याला तू वाढवलंयस. दाराबाहेर तो रडत होता."

ही ओळ खोडलेली नव्हती.

ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग पेन उघडून बहात्तरच्या ओळीवर तिनं रेघ मारली. इतक्या जोरानं, की निब लाकडात रुतलं. एकदा, दोनदा, तीनदा. रडू आलं नाही. राग मात्र असा आला, की दात वाजायला लागले. आता इथे एकच ओळ लिहायची होती. कुणावरही विश्वास ठेवू नकोस. चार शब्द. पुढच्या वेळी डोळ्यांसमोर तेवढं असलं की पुरे.

तिनं पेन फळीला टेकवलं. लिहायचं काय ते पक्कं होतं. तिनं "कु" काढला.

तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी खाली बसल्याची चाहूल लागली. कपडा दाराला घासला. आणि मग, तोंडात पदर कोंबल्यासारखा दबका, पण तान्हेपणापासून तिच्या ओळखीचा असलेला आवाज आला. भाची रडत होती.

तिचं पेन थांबलं. बाहेरचे हुंदके थांबेनात.

"पिल्लू," ती खाटेखालून हळूच म्हणाली. बाहेर ऐकू जाणार नाही, इतकं हळू.

मग तिनं "कु"वर काट मारली आणि त्याच्याशेजारी लिहायला घेतलं, २००१.